कपाटाचं उजवं दार

एयांग वुर्यानच्या कपाटाचं उजवं दार चौथ्यांदा उकललं, तेव्हा मी नुकता रोजा सोडून पहिला घास तोंडात घालत होते. मोबाइलवर फोटो आला. फोटोत लालसर महागनीचा पापुद्रा कागदासारखा वर आलेला, तळहाताएवढा, तिथेच, कुलपाच्या जरा खाली. खाली एयांगनी, म्हणजे या आजींनी, लिहिलं होतं, ‘मुंद्री बाळ, परत सुटलंय बघ. घाई नाही.’

घाई नाही म्हणे! मी घास परत ताटात ठेवला.

माझा नवरा गियार्तो शेजारी बसून भजी खात होता. त्याने फोटोत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “तू सरस लावतेस की भाताची पेज?”

“खा गुमान,” मी म्हटलं.

हसतोय तर हसू दे, पण आता गल्लीतली माणसंही हसायला लागली होती. आमच्या जावा बेटावरच्या सोलो शहरात जुन्या लाकडावरचं व्हिनिअर, म्हणजे हा वरचा पापुद्रा, बसवणाऱ्या बायका किती? मी एकटी. सासऱ्यांनी हाताला धरून शिकवलं, आणि ते गेल्यावर त्यांचं दुकान मी चालवलं. सतरा वर्षांत माझं एकही काम परत आलं नव्हतं. आणि हे एक दार माझ्या नावाला काळं फासायला बसलं होतं.

कपाट आहे मात्र बघण्यासारखं. साखर कारखान्यातला डच साहेब देश सोडून जाताना एयांगच्या सासऱ्यांना देऊन गेला. आत सागवान, वर महागनीचं पातळ व्हिनिअर. एकाच ओंडक्याचे लागोपाठ काढलेले दोन पापुद्रे दोन दारांना आरशातल्यासारखे समोरासमोर लावलेत, त्यामुळे दारं मिटली की मधोमध लाकडाच्या रेषांची ज्योत उभी राहते. असं काम आता कोणी करत नाही आणि तसलं झाडही कोणी तोडू देत नाही.

या कपाटावर आणखी एक गोष्ट अडली होती. एयांग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, घरात एकट्या. थोरला मुलगा दानार सुराबायाला असतो. दर ईदेला तो येतो, आईसमोर गुडघ्यांवर बसतो, त्यांच्या मांडीवर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतो आणि डोकं वर उचलून म्हणतो, “इबू, आता आमच्याकडे चला.” आणि एयांग म्हणतात, “इंगिह. कपाट दुरुस्त झालं की येते. तुझ्या वडिलांचं कपाट मी असं उघडंवाघडं सोडून कशी येऊ?” तिसऱ्या दिवशी ट्रक येतो, उकललेलं दार बघतो आणि रिकामा परत जातो. एकदा नाही, तीन वर्षं.

म्हणजे बघा, एका म्हाताऱ्या बाईचं लेकाकडे जाणं माझ्या सरसापायी अडकलेलं. मला रात्र रात्र झोप यायची नाही.

पहिल्या वर्षी मी काम केलं ते अगदी सासऱ्यांच्या पद्धतीने. नखाने टकटक करत कुठे पोकळ वाजतं ते खडूने आखलं. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली. जुना सरस जनावराच्या चामड्याचा असतो, त्याला ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. मग पातळ सुरीने आत नवा गरम सरस भरला, वर मेणकागद, त्यावर फळी, त्यावर तापवलेल्या वाळूच्या पिशव्या. एक रात्र ठेवलं की झालं.

एयांग पूर्ण वेळ शेजारी स्टुलावर बसून होत्या. त्यांना फार चौकशी. “इस्त्री किती तापवायची गं?” “फडकं पिळून घ्यायचं की निथळतं?” “आणि किती वेळ दाबून धरायचं?” सोलोची माणसं एवढं विचारत नाहीत कोणाला. मला आपलं कौतुक वाटलं. मला कोणी माझ्या कामाबद्दल विचारलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मी सगळं सांगितलं, वर हेही सांगितलं की सरसाची हीच तर गंमत, आपण लावलेलं उद्या दुसऱ्याला न फाडता काढता येतं. सासऱ्यांचा नियमच होता तो.

दुसऱ्या वर्षी परत सुटलं तेव्हा मला भिंतीचा संशय आला. कपाट हातभर पुढे ओढलं, मागची भिंत हात फिरवून बघितली. कोरडी ठणठणीत. तिसऱ्या वर्षी वाळवी शोधली, छपराची कौलं तपासली, दुपारचं ऊन दारावर कुठवर येतं ते तीन दिवस येऊन पाहिलं. काही नाही. शेजारची सुमियातुन म्हणाली, “अगं, त्यात कोणीतरी राहतंय. जुन्या कपाटात जिन असतातच.” एयांगनी गोड हसून मान डोलावली. “असेल बाई, असेल.”

“असलाच तर सुतारकाम शिकलेला जिन आहे,” मी म्हटलं. “फाडत नाही, खरवडत नाही, अगदी बेतानं सोडवतो!”

एयांगना खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणून दिलं.

आता चौथ्यांदा. ताट तसंच ठेवून मी कॅलेंडर काढलं आणि मागच्या फोटोंच्या तारखा लावल्या. बघते तर काय, दर वर्षी उकलायची तारीख दहा-अकरा दिवस अलीकडे सरकलेली! पाऊस असा सरकत नाही, ऊन सरकत नाही. असं सरकतं फक्त एक, रोज्यांचा महिना. कपाट दर वर्षी ईदेच्या तोंडावरच उकलत होतं.

“गियार्तो!” मी ओरडले. “वाफ! ईदेच्या आधी घराघरांत काय शिजतं? केतुपात! झावळीच्या पानांत विणलेल्या त्या भाताच्या पुड्या सहा सहा तास उकळतात. एयांगचं स्वयंपाकघर कपाटाच्या मागेच आहे. ती वाफ दाराला लागते आणि माझा सरस सुटतो!”

गियार्तो बघत राहिला. “पोलिसात जायला हवं होतंस तू,” तो म्हणाला. एवढी शाबासकी त्याच्याकडून मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली असेल.

चोर सापडला होता. आता त्याचा बंदोबस्त. एयांग दर वर्षी घाई नाही म्हणायच्या आणि मीही ईदेनंतर बघू म्हणायचे. या वेळी मी दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले.

“अगं, घाई नाही म्हटलं ना?” एयांग जरा दचकल्याच.

“तुम्हाला नसेल, मला आहे. या ईदेला तुम्ही लेकाकडे जाणार म्हणजे जाणार. माझा शब्द.”

“इंगिह,” त्या म्हणाल्या.

इथे एक सांगते. मी जेपाराची, समुद्रकाठची. आमच्याकडे वारा एवढा की ओरडूनच बोलावं लागतं, मनात ठेवून बोलायची कोणाला सवयच नाही. सोलोत तसं नाही. इथे हो म्हणायला ‘इंगिह’ म्हणतात आणि नाही म्हणायलाही बहुतेक तेच म्हणतात, फक्त जरा हळू. एवढी वर्षं इथे काढून मला हे कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा वाफेशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी पिशवीतून दोन नळ्या काढल्या. एपॉक्सी. नावेचं भोक बुजवायला आमच्याकडे वापरतात. सासरे असते तर त्यांनी मला दुकानातून हाकललं असतं, कारण हा गोंद एकदा धरला की धरला. पुढे दुरुस्त करायचं म्हटलं तर लाकूडच फाटतं. पण हट्टाला पेटले होते मी. दाराचा पूर्ण पापुद्रा सोडवला, दोन्हीकडचा जुना सरस खरवडून साफ केला, एपॉक्सी पसरली आणि शिकंजे आवळले. चार दिवस खपले. वर लाखेचं पॉलिश मारलं. ज्योत अशी उजळली की माझं मलाच भरून आलं.

एयांग या वेळी स्टुलावर बसल्या नव्हत्या. शेवटी आल्या, दारावरून हात फिरवला.

“छान झालं. आता याला वाफ लागली तर गं?”

“वाफ काय, नदीत बुडवा!” मी छाती पुढे काढून म्हटलं. “तुमच्या पतवंडांच्या लग्नापर्यंत हलायचं नाही.”

त्यांनी कुलपाखालच्या कडेवर नख फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, “तू फार मन लावून काम करतेस,” आणि मला डबाभर नास्तार, अननसाचं सारण भरलेली ईदेची बिस्किटं, दिली. बांग होऊन रोजा सुटला होता, घरी येताना मी रस्ताभर ती खात आले.

ईदेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दानारचा निरोप आला, कपाट ट्रकमध्ये चढवायचं आहे, दारं तेवढी बिजागरीतून काढून द्या. मी नवा काबाया घातला, खांद्यावर हत्यारांची पिशवी अडकवली आणि ऐटीत निघाले. फाटकाशी ट्रक उभा होता. दोन हमाल त्याच्या सावलीत सिगारेट ओढत होते. दानार व्हरांड्यात एकटाच बसला होता. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा बातिक शर्ट, हातात चहाचा गार झालेला ग्लास.

“बघितलंत ना दार, पाक दानार?” मी मानाने ‘पाक’ लावून म्हटलं. “या वेळी तक्रारीला जागा नाही.”

“बघितलं. अप्रतिम.” तो हसला, पण ते हसू काही खरं वाटेना. मग घराच्या आत एकदा नजर टाकून हळू आवाजात म्हणाला, “बू मुंद्री, एक विचारू? ते परत सुटेल का हो?”

“छे छे! शक्यच नाही.”

“अगदीच शक्य नाही?”

हा माणूस काळजीने विचारत नव्हता. आशेने विचारत होता.

“तुम्हाला सुटायला हवंय का काय?” मी विचारलं. जेपाराची ना मी.

त्याने ग्लास खाली ठेवला. “आमचं घर बाराव्या मजल्यावर आहे. दोन खोल्या. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना आणलं आम्ही. त्यांनाही अंगण होतं, कोंबड्या होत्या. आमच्याकडे ते खिडकीशी बसायचे. आठ महिन्यांत बोलायचे बंद झाले, अकराव्यात गेले. मी इबूंचं असं कसं होऊ देऊ?”

“मग दर वर्षी विचारता कशाला?”

“मी थोरला. न विचारून कसं चालेल? मी विचारलं नाही तर त्यांना वाटेल, लेकाला नकोशी झाले. आणि त्या एकदा येते म्हणाल्या, तर मी नको कसं म्हणू? दर वर्षी येतो, दार उकललेलं बघतो आणि मनातल्या मनात अल्लाचे आभार मानतो.” तो माझ्याकडे पाहून ओशाळला. “तुमच्या कामाला नावं ठेवत नाही हं मी.”

मी खांद्यावरची पिशवी सावरून आत गेले.

बैठकीच्या खोलीत एयांग कपाटासमोर चटईवर बसल्या होत्या. पाठ माझ्याकडे. दोन्ही हातांनी काहीतरी दारावर दाबून धरलेलं, आणि त्यातून चर्र आवाज येत होता. ओलं फडकं होतं आणि फडक्यावर इस्त्री होती. अगदी मी शिकवली तशी. फडकंही बेतानं पिळलेलं.

त्यांनी चाहूल लागून मागे पाहिलं. कपाळावर घाम, डोळे लाल. लपवायचा प्रयत्नही केला नाही त्यांनी.

“मुंद्री,” त्या म्हणाल्या, “हे हलत का नाही गं? पहाटेपासून करतेय.”

जिन! बेतानं सोडवणारा जिन! मी त्यांच्याशेजारी चटईवर बसले. तीन वर्षं मी भिंती चाचपल्या, कौलं मोजली, आणि ही बाई माझ्याकडूनच शिकून माझंच काम सोडवत होती. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची बोटं वाफेने लाल झाली होती, तेवढंच दिसत होतं मला.

“जायचं नाही तर सांगायचं ना, एयांग!”

“काय सांगू? पोर गुडघे टेकून विचारतं. नाही म्हटलं तर त्याचं घर मला बरं वाटत नाही असं होईल. त्याच्या बायकोला काय वाटेल?” त्यांनी इस्त्री खाली ठेवली. “इथे मी त्रेपन्न वर्षं राहिले. मागे आंबा आहे, यांची कबर चालत जाण्यासारखी आहे. तिकडे म्हणे लिफ्टमध्ये बटण दाबावं लागतं. तू काय लावलंयस याला?”

“जे सुटत नाही ते,” मी म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

व्हरांड्यात चपला वाजल्या. एयांगनी झटक्यात इस्त्री शालीखाली घेतली आणि सावरून बसल्या. दानार आत आला, मागे दोरखंड घेतलेले हमाल. शालीखालून इस्त्रीची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत सरळ गेलेली होती. दानारने ती पाहिली. मग बराच वेळ छताकडे पाहत राहिला.

“चला, झालं एकदाचं कपाट,” तो छताला म्हणाला.

“इंगिह,” एयांग म्हणाल्या. “झालं.”

“इबू, तुमची तयारी आहे ना?”

“इंगिह. तुला गैरसोय नाही ना रे होणार?”

“छे, छे. गैरसोय कसली.”

आणि दोघंही थांबले. पुढे टाकलेलं पाऊल कोणी मागे घेईना. हमालांनी दोरखंड उलगडला. माझ्या डोळ्यांसमोर ही दोन सज्जन माणसं एकमेकांना बाराव्या मजल्यावर घेऊन निघाली होती, आणि वाटेतली एकुलती एक अडचण मी स्वतःच्या हाताने, चार दिवस खपून, कायमची बुजवली होती. ओरडून सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर या दोघांना परत एकमेकांच्या डोळ्यांत बघता आलं नसतं, एवढं मलाही कळत होतं.

“थांबा!” मी म्हटलं. “हात लावू नका.”

दारावर इस्त्री लागलेली जागा पॉलिशवर ढगासारखी पांढरी पडली होती. मी तिथे बोट ठेवलं. “हे दिसतंय का, पाक दानार? पांढरं पडलंय. आतून दमट आहे. काम फसलंय माझं.”

“पण वरून तर...”

“वरून काय दिसतं? वरून सगळंच छान दिसतं!”

मी पिशवीतून पटाशी काढली. कुलपाच्या खाली कडेला टेकवली, हातोडी उचलली. क्षणभर माझा हात जागचा हलेना. शंभर वर्षांचा तो पापुद्रा, ती ज्योत, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. डोळे मिटले आणि ठोका घातला. सरस असता तर अलगद सुटला असता. एपॉक्सीने सोडलं नाही. लाकूड कडाडलं आणि ज्योतीचा अर्धा भाग कपच्या होऊन चटईवर पडला. आतलं सागवान उघडं पडलं.

“बघा,” मी म्हटलं. आवाज फाटला होता माझा. “असं नेलं असतंत तर रस्त्यातच गळून पडलं असतं. मला माफ करा. माझ्याच्याने झालं नाही.”

दानार खाली वाकला. त्याने एक कपची उचलली आणि दोन्ही तळहातांत धरली. “किती दिवस लागतील आता?”

“दिवस? असलं लाकूड कुठे मिळतं आता? शोधावं लागेल. मिळेल तेव्हा मिळेल. दोन वर्षं लागतील, पाचही लागतील.”

“मग काय इलाज,” तो म्हणाला आणि इतका लांब श्वास सोडला की हमालही वळून बघायला लागले. “इबू, कपाट झाल्याशिवाय तर तुम्ही...”

“कशी येऊ रे?” एयांग म्हणाल्या. “तुझ्या वडिलांचं कपाट.”

“बरोबर आहे. बरोबर आहे.” तो हमालांकडे वळला. “चला, बसा, केतुपात खाऊन जा. ट्रक परत जाऊ दे. मीही दोन दिवस राहतोच आहे. इबू, त्या आंब्याला पाणी कोण घालतं हो? पानं सुकल्यासारखी दिसतायत.” आणि तो मागच्या अंगणात गेलासुद्धा, बाहीची बटणं सोडत.

मी हत्यारं गोळा केली. कपच्या एका फडक्यात बांधून घेतल्या. का ते माहीत नाही, टाकवल्या नाहीत. उद्या सुमियातुन सगळ्या गल्लीला सांगणार होती की मुंद्रीने एयांगच्या कपाटाचं वाटोळं केलं. सांगू दे.

एयांग मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. कधी येत नाहीत. माझा हात हातात घेतला आणि जवळ वाकून कुजबुजल्या, “अगं, एवढं कशाला फाडलंस? बोटभर पुरलं असतं.”

मी हसू की रडू अशी उभी राहिले.

मागच्या अंगणातून दानारचा आवाज येत होता, कोणाला तरी बादली मागत होता. एयांगचा चेहरा तिकडे वळला आणि एकदम मऊ झाला.

“दुसऱ्यांची मुलं विसरतात गं,” त्या म्हणाल्या. “हा दर वर्षी विचारतो. गुडघे टेकून विचारतो. एवढ्यावर माझं वर्ष निघतं.”

त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, “हो एयांग. अगदी मनापासून विचारतो.”